पी०४२० कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाच का?

नाही. पी०४२० म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला, धूर साफ करणारा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा इशारा. नाशिकच्या द्वारका-अंबडकडच्या गॅरेजात स्कॅनरवर पी०४२० दिसला की कन्व्हर्टर बदलायला सांगतात, पण त्याआधी इतकं बघाच.

सोबत पी०३०० ते पी०३०४ पैकी मिसफायरचा (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा) कोड असेल तर आधी प्लग आणि त्याला ठिणगी देणारी कॉइल तपासा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते. नवा बसवला तरी तोही जाईल. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर कसारा घाट चढूच नका.

मग सकाळी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या जोडांपाशी कान द्या. फट्‌फट् आवाज किंवा जोडावर काजळीचा काळा पट्टा म्हणजे गळती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो.

खरी परीक्षा स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांवर. इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा. मागच्या (कन्व्हर्टरनंतरच्या) ऑक्सिजन सेन्सरची रेषा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास स्थिर राहिली तर कन्व्हर्टर ठीक. ती ०.१ ते ०.९ अशी भराभर वरखाली नाचत असेल, आणि गळती नसेल, तरच कन्व्हर्टर थकलाय.

नुसता कोड पुसून घेऊ नका, काही दिवसांत परत येतो.