वणवा लागला की हे किडे पळत नाहीत, तिकडेच येतात

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मागे जवळच्या डोंगरात वणवा लागला होता, तो विझल्यावर तिकडे गेलो तर छोटे काळे किडे अंगावर बसून चावायला लागले. कुणी म्हणालं की ते आग लागली की लांबून उडत येतात. त्यांना कळतं कसं, धुराच्या वासाने का उष्णतेने?
– एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : दोन्हीने. पण उष्णतेचं प्रकरण खरंच थक्क करणारं आहे. हे बहुतेक मेलानोफिला जातीचे भुंगेरे असणार, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. त्यांच्या मधल्या पायांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक खड्डा असतो आणि त्यात साधारण ७० अगदी सूक्ष्म गोळे, आत द्रव भरलेला. वणव्यातून जे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण निघतात ते जास्त करून ३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे, आणि गोळ्यांचं आवरण नेमके तेच शोषतं, मग आतला द्रव प्रसरण पावतो, दाब वाढतो आणि तिथल्या चेतापेशीचं टोक दाबलं जातं. म्हणजे आपल्याला ऊब लागते तशी ही जाणीव नाही, त्याला आग टोचून कळते म्हणा ना! जळक्या पाइनच्या धुराचा वास मात्र मिशांना कळतो.

किती लांबून? १९२५ मध्ये तुमच्याच राज्यात कोअलिंगाला तेलाच्या टाक्या पेटल्या तेव्हा हे भुंगेरे ढिगाने आले. आजूबाजूला जंगल नाही, त्यामुळे ते सिएरा नेवाडाच्या पायथ्याकडून आले असणार असं धरून जर्मन संशोधकांनी २०१२ मध्ये हिशोब मांडला, तर अंतर निघालं १३० किलोमीटर!

आगीत यायचं कारण पोरंबाळं. जिवंत पाइन डिंक सोडून अळ्यांना आत शिरू देत नाही, जळलेल्या झाडात ती ताकद उरत नाही, म्हणून मादी राख गरम असतानाच सालीखाली अंडी घालते.

आणि चावण्याचं म्हणाल तर बर्कलीच्या फुटबॉल स्टेडियममध्येही ते प्रेक्षकांना चावायचे, तिथे आग नव्हती, होता तो हजारो सिगारेटींचा धूर. लिन्सली नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच हे लिहून ठेवलंय.