पुढे येणं ते रोखणं: 'प्रिव्हेंट'बद्दल एक पत्र

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझा अनुवादाचा खर्डा वाचला आणि मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायाशी थांबलो. येशूचा शिष्य पेत्र घरात येतो, आणि १६११च्या इंग्रजी बायबलात वाक्य आहे, 'जीझस प्रिव्हेंटेड हिम, सेइंग...' तू लिहिलंस, 'येशूने त्याला अडवलं आणि म्हटलं'. मराठीत वाक्य सुरळीत वाचलं जातं, प्रसंगातही कुठे खटकत नाही. तरीही ते चूक आहे. मंदिराचा कर गोळा करणाऱ्यांनी पेत्राला बाहेर गाठून विचारलेलं असतं की तुमचे गुरू कर भरत नाहीत का. घरात आल्यावर पेत्र काही बोलण्याआधी येशूच तो विषय काढतो. त्याच्याआधी बोलला, एवढाच इथे त्या क्रियापदाचा अर्थ, आणि प्रसंगाचं मर्म त्यातच आहे: कुणी सांगायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. 'अडवलं' म्हटलं की ते मर्मच जातं.

बायबलातल्याच स्तोत्रसंहितेत मात्र तुला शंका आली. 'माझा दयाळू देव मला प्रिव्हेंट करील' या ओळीपुढे तू प्रश्नचिन्ह काढलंस. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात भक्त म्हणतो, 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग', तिथेही. पहाट कोण अडवणार? तो पहाटेच्या आधी उठून देवाचा धावा करतो आहे. विचित्र वाटणारी ओळ अशी आपणहून हात वर करते आणि आपण कोश उघडतो. धोका आहे तो मत्तयसारख्या जागी, जिथे आजचा अर्थही नीट बसतो. तीन-चारशे वर्षं जुनं इंग्रजी वाचताना अनोळखी शब्दांना घाबरू नकोस, ते तुला कोशाकडे नेतातच. रोजच्या ओळखीच्या शब्दांकडे जास्त लक्ष दे.

आता तुझा प्रश्न: 'मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता?'

लॅटिनमध्ये 'प्राय' म्हणजे आधी, पुढे. 'वेनीरे' म्हणजे येणं. (हे 'वेनीरे', इंग्रजीतलं 'कम' आणि आपला 'गम्' धातू एकाच आदिम मुळाचे. आगमन, संगम म्हणताना आपण त्याच घरातले शब्द वापरत असतो, याचा मला आजही आनंद होतो.) दोन्ही जोडून झालं 'प्रायवेनीरे', आधी येणं. लॅटिन बायबलात वर सांगितलेल्या पहाटेच्या ओळीत हेच क्रियापद आहे. इंग्रजीत ते पंधराव्या शतकात आलं. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात विनवणी आहे, 'प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड, इन ऑल अवर डूइंग्ज'. हे प्रभो, आमच्या प्रत्येक कामात तू आमच्या पुढे चाल. आजच्या कानाला ती अगदी उलटी प्रार्थना वाटेल.

पुढे येणारा माणूस दोनच गोष्टी करू शकतो. वाट मोकळी करेल, नाहीतर वाटेत उभा राहील. शत्रूच्या आधी खिंडीत पोचलात, तर खिंड त्याला बंद झाली. दुसऱ्याच्या आधी चाल केली, की त्याची चाल फुकट. आधी येण्यातून रोखणं असं निघतं, आणि ही शक्यता लॅटिनमध्येही होती. म्हणून इंग्रजांनी शब्द बिघडवला असं म्हणू नकोस.

वळण जिथे पडलं ती जागा प्रत्यक्ष पाहायची असेल तर शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॅम्लेटचं एक वाक्य घे, साधारण १६००च्या सुमाराचं. राजाराणीने बोलावून घेतलेल्या दोन मित्रांना तो म्हणतो, तुम्ही का आलात ते मीच सांगतो, म्हणजे 'माय अँटिसिपेशन' तुमच्या कबुलीला 'प्रिव्हेंट' करील. इथे आधी गाठणंही आहे आणि टाळणंही, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. अशी वाक्यं शोधून वहीत उतरवून ठेव. शब्दाचा इतिहास त्यांच्यात जितका दिसतो तितका व्युत्पत्तीच्या एका ओळीत कधीच दिसणार नाही.

पुढचा प्रवास भराभर झाला. १७५५च्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने जुने अर्थ आधी दिले आणि 'रोखणं' या अर्थाशी नोंद केली की आता जवळजवळ हाच एक अर्थ उरला आहे. त्याच शतकात धर्मोपदेशक जॉन वेस्ली माणसाच्या इच्छेच्याही आधी येणाऱ्या देवकृपेला 'प्रिव्हेंटिंग ग्रेस' म्हणत होता. आज धर्मशास्त्राचे अभ्यासक तिथे 'प्रिव्हिनिअंट' म्हणतात. आणि १८८१च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात मत्तयचं ते वाक्य बदलून येशू 'आधी बोलला' असं झालं.

म्हणून 'खरा अर्थ' हा प्रश्नच सोडून दे. १६११मध्ये खरा कोणता आणि आज खरा कोणता, एवढंच विचार. मूळ धातू हाती लागला की न्यायनिवाडा झाला असं वाटतं, आणि हुशार विद्यार्थ्यांना हा मोह जास्त होतो. आपला 'आगाऊ' बघ. आगाऊ रक्कम भरतो, आगाऊ सूचना देतो, आणि पोराला रागवतानाही आगाऊ म्हणतो. तिन्हीत 'पुढे' आहेच. पण त्या पोराला 'आगाऊ म्हणजे मुळात पुढचा' असं समजावून काय उपयोग? त्याला बोलणं बसलेलंच असतं.

याचा अर्थ मूळ निरुपयोगी आहे असा नाही. तू पुढे कायद्याचे अनुवाद करणार आहेस. आपल्या राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात 'प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन' आहे, मराठीत प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. शिक्षा कृत्य घडल्यावर होते. ही स्थानबद्धता ते घडण्याआधीच होते, आणि तिच्याबद्दलचे सगळे वाद त्या 'आधी'वरूनच आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा 'प्राय' तिथे अजून जिवंत आहे. फ्रेंच शिकतो आहेस म्हणून आणखी एक: त्यांचं 'प्रेव्हनीर' आज आधी कळवणं, सावध करणं या अर्थानेही चालतं. फ्रेंच मजकुरात ते दिसलं की हात लगेच 'रोखणं'कडे जाऊ देऊ नकोस.

खर्ड्यातल्या बाकीच्या 'प्रिव्हेंट'च्या जागा मी पेन्सिलीने खुणावल्या आहेत. प्रत्येकीसमोर मूळ वाक्याचं वर्ष लिही, मग मराठी क्रियापद निवड. बायबलातल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातली, झोपी गेलेल्यांची, म्हणजे मेलेल्यांची, ओळ सगळ्यात शेवटी घे. तिथे 'आधी जाणार नाही', 'पुढे जाणार नाही' आणि 'मागे टाकणार नाही' ही तिन्ही रूपं लिहून मोठ्याने वाच आणि तुला कुठलं पटलं ते कारणासह कळव.

तुझा,
सर