सागाचं पान ओढणीवर, वारली चित्र थाळीवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (चिपळूण) : सुती ओढणी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली. त्यावर सागाची पानं मांडली, हिराकसात (लोहाच्या क्षारात) बुडवलेलं फडकं वर पसरलं, गुंडाळी बांधून वाफवली. पानं दिसतच नाहीत, सगळी ओढणी काळपट झाली. असं का?

उत्तर : हिरडा आणि हिराकस भेटले की शाईच तयार होते. ओढणीच्या धाग्याधाग्यात हिरडा होता, फडक्यातून लोह सगळीकडे पोचलं, मग पानाला उमटायला कोरी जागाच उरली नाही. दोघांपैकी एकालाच कापडावर येऊ द्या.

सागासाठी आमची पसंती हिरडा आणि तुरटीला. २५० ग्रॅम वजनाची ओढणी आधी दोन चमचे धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं होईल. ती कापडावरची खळ आणि मेण. ते राहिलं तर पुढचं सगळं पहिल्या धुण्यात जातं. मग ५० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात ओढणी रात्रभर ठेवा. पिळा, पण विसळू नका, सावलीत वाळवा. दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा आणि ६ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला, मग ओढणी त्यात भिजवा. फेस येतो म्हणून भांडं मोठं घ्या. सोडा जास्त झाला तर तुरटी पांढऱ्या गाळासारखी तळाशी बसते आणि कापडाला काही मिळत नाही.

पान कोवळंच हवं. तळहातावर चोळल्यावर लाल डाग पडला तर घ्या. जून पान जेमतेम पिवळं उमटतं. पानं मांडून वर प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर पुढच्या वेढ्यावर त्याच पानाची सावली पडते. काठीवर करकचून गुंडाळा, सुतळीने बांधा, दोन तास वाफवा आणि तशीच गार होऊ द्या. घाईने उघडलेली गुंडाळी म्हणजे फिकं पान. धुवायला आठवडाभर थांबा, मग रिठा वापरा.

काळी रेघ हवीच असेल तर बिनहिरड्याचं कापड घ्या, आणि जांभूळ किंवा पेरूचं पान लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस घालून दहा मिनिटं बुडवून, टिपून ठेवा. हिराकस वाढवू नका, त्याने सूत काही वर्षांत कुजतं. अशा कापडावर लिंबू किंवा चिंच सांडली तर काळी रेघ तिथेच उडते.

प्रश्न (डहाणू) : लाल मातीच्या थाळ्यांवर तांदळाच्या पिठाने वारली चित्रं काढली, भट्टीत नाहीशी झाली. पांढऱ्या मातीने काढली तर पापुद्रे निघाले.

उत्तर : पीठ आणि डिंक गेरूच्या भिंतीवर टिकतात, कारण भिंत भाजायची नसते. भट्टीत दोन्ही जळून जातात.

पांढऱ्या मातीची चूक वेळेची आहे. थाळी पूर्ण वाळली की तिचं आकसणं संपलेलं असतं. ओला थर मात्र नंतर आकसतो आणि सुटतो. थाळीवर नखाने ओरखडा उठतो पण बोट दाबलं तर ठसा उठत नाही, तेव्हा रंगवा. चायना क्ले आणि बॉल क्ले (दोन्ही कुंभारकामाच्या पांढऱ्या माती) समभाग, एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं फ्रिट (वितळवून दळलेल्या काचेची पूड), पाणी घालून पातळ बासुंदीइतकं सैल करा आणि बारीक चाळणीतून गाळा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या. काडीचं टोक चघळून केलेला कुंचला इथेही कोणत्याही ब्रशपेक्षा सरस.

प्रश्न (सातारा) : पानांचे ठसे उमटवलेल्या मातीच्या थाळ्यांच्या कडा वर येतात, आणि भाजल्यावर पंधरवड्याने पांढरे खड्डे पडतात.

उत्तर : कडा मधल्या भागापेक्षा लवकर वाळल्या म्हणून वळतात. लाटलेली माती हाताने उचलू नका, कापडासकट सरकवा; एकदा वाकलेली माती भट्टीत पुन्हा वाकते. दोन्ही बाजूंना फळी आणि वर्तमानपत्र ठेवून वाळवा, थाळ्या रोज उलट्या करा.

खड्डे चुनखडीचे आहेत. मातीतला खडा भाजताना चुना होतो, हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची खपली उडवतो. माती पाण्यात विरघळवून ६० नंबरच्या (इंचाला ६० भोकं असलेल्या) जाळीतून गाळा. भाजून झालेल्या थाळ्या भट्टीतून काढल्याबरोबर कोमट असताना पाण्यात पूर्ण बुडवल्या तर काही वाचतील, सगळ्या नाही.