तालुक्याच्या गावात ‘दरोडे दुपटीने वाढले’ या बातमीवरून घराचा भाग सुरक्षित आहे की नाही, हे ठरवता येते का?

आपला प्रश्न असा आहे की, वृद्ध आईवडिलांसह पुण्याहून सुमारे 30 हजार वस्तीच्या एका तालुक्याच्या गावी राहायला जाताना ‘येथे यंदा दरोडे दुपटीने वाढले’ या बातमीला किती महत्त्व द्यावे आणि घर कोणत्या भागात घ्यावे. मी अशाच एका गावात वार्ताहर म्हणून काम करतो आणि पोलीस ठाण्यात दाखल होणारे गुन्हे वाचणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या आधारावर माझे स्पष्ट मत असे आहे की, एवढ्या लहान गावाच्या बाबतीत दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण काढून काहीही हाती लागत नाही. प्रत्येक गुन्हा वेगळा काढून तो कोठे, केव्हा आणि कसा घडला हे पाहावे लागते.

प्रथम बातमीतील ‘दरोडा’ हा खरोखरच दरोडा होता का, ते तपासावे. कायद्याने पाच किंवा त्याहून अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि इजा करून, अडवून किंवा तत्काळ इजेची भीती घालून केलेली चोरी म्हणजे जबरी चोरी. कुलूपबंद घराचा कडी-कोयंडा तोडून दागिने नेले, तर ती घरफोडी होय. त्यात कोणाच्याही अंगाला हात लागलेला नसतो. बोलण्यात आणि मथळ्यांत मात्र हे सर्व सर्रास ‘दरोडा’ ठरते. आईवडिलांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण घरात माणसे असताना होणारा हल्ला आणि घर बंद असताना होणारी चोरी यांपासून बचाव करण्याचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

आता ‘दुपटीने’ या शब्दाकडे येऊ. गेल्या वर्षी तीन आणि यंदा सहा जबरी चोऱ्या झाल्या असतील, तर वाढ शंभर टक्के दिसते. परंतु एखाद्या गावात वर्षाला सरासरी चार घटना होत असतील, तर परिस्थितीत काडीचाही बदल न होता एखाद्या वर्षी एक आणि एखाद्या वर्षी सात घटना होणे अगदी शक्य असते. एकच टोळी आठवडाभर परिसरात फिरली, तरी वर्षाचा आकडा बदलून जातो. म्हणून किमान पाच वर्षांचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय वाढ किंवा घट याविषयी बोलू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातही आपले गाव सापडणार नाही. त्यात राज्यांचे, जिल्ह्यांचे आणि महानगरांचे आकडे असतात. शिवाय एकाच गुन्ह्यात अनेक कलमे लागली, तर त्यांतील सर्वांत गंभीर कलमाखालीच तो तेथे मोजला जातो.

याहून मोठी गफलत हद्दीची असते. तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत गावाबरोबरच आजूबाजूची अनेक खेडी आणि बहुधा महामार्गाचा एखादा पट्टाही येतो. बातमीदार ठाण्याचा आकडा घेतो आणि तो गावाच्या लोकसंख्येवर लादतो. यावर उपाय सोपा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशांनुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी (एफआयआर) संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्या जातात आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे व तारीख निवडून त्या पाहता येतात. प्रथम खबरीच्या नमुन्यात घटनास्थळाच्या रकान्यात पोलीस ठाण्यापासूनची दिशा, अंतर आणि बीट (ठाण्याच्या हद्दीतील छोटा विभाग) क्रमांक लिहिलेला असतो. तेथे ‘14 किमी’ असे दिसले की ती घटना आपल्या गावातील नाही, हे लगेच कळते. घटनेच्या वेळेचा रकानाही नीट वाचावा. ‘शुक्रवारी सायंकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत’ अशी नोंद असेल, तर घर त्या काळात बंद होते. ‘रात्री 2 ते 2.30’ असे असेल, तर बहुधा घरात कोणी तरी जागे झाले होते. एका संध्याकाळी बसून वर्षभराच्या घरफोड्या अशा रीतीने वाचल्या, तर वर्तमानपत्राच्या दहा बातम्यांहून अधिक उमगते.

लोकसंख्येचा आकडाही विश्वासाचा नाही, कारण 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही आणि गणिते अजून 2011 च्या आधारावर चालतात. महाबळेश्वरची वस्ती त्या जनगणनेनुसार सुमारे 13 हजार होती. तेथे दरवर्षी लाखो पर्यटक येतात. पर्यटकाची पर्स लंपास झाली, तरी ती चोरी या 13 हजारांच्या माथी मोजली जाते. आठवडी बाजार आणि एसटी स्थानक असलेल्या प्रत्येक गावाला हे थोड्याफार फरकाने लागू आहे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पूर्वी गळ्यातील मंगळसूत्र हिसकावण्याचे गुन्हे आपल्याकडे सहसा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 392 खाली, म्हणजे जबरी चोरीत नोंदवले जात. आता हिसकावून चोरी करण्यासाठी 304 हे स्वतंत्र कलम आहे आणि जबरी चोरी 309 मध्ये आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र ठरवली आहे, म्हणजे तिची प्रथम खबर नोंदवली जात नाही. त्यामुळे 2023 आणि 2025 यांची सरळ तुलना केल्यास चोर बदलले की केवळ कलम बदलले, हे समजणार नाही. मोबाईल चोरीला गेला असतानाही ‘गहाळ’ अशी नोंद करून घरी परतणारे लोक तर सर्वत्र आहेत. ज्या ठाण्यात तक्रार सहज घेतली जाते, त्या ठाण्याचे आकडे वाढलेले दिसतात, आणि हे मला चांगले लक्षण वाटते.

भागाविषयी म्हणाल, तर गुन्हे गावभर सारखे पसरलेले नसतात. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांना मदतीसाठी आलेले निम्म्याहून अधिक दूरध्वनी केवळ तीन टक्के ठिकाणांहून आले होते, असे आढळले. आपल्याकडील खबरी वाचतानाही एसटी स्थानकाचा परिसर, बाजारपेठेतील शटरची रांग आणि गावाबाहेरील नव्या प्लॉटिंगमधील सुटी घरे पुन्हा पुन्हा दिसतात. नव्या प्लॉटिंगमध्ये घर स्वस्त मिळते. परंतु शेजारी चार प्लॉट रिकामे, नगरपरिषदेचे दिवे अद्याप आलेले नाहीत आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात अर्धी घरे कुलूपबंद असतात. आईवडील दिवसभर घरी असणार असतील, तर मी जुन्या गावठाणालगतची, येता-जाता माणसे ओळखणारी गल्ली निवडेन, मग घर थोडे लहान मिळाले तरी चालेल. घर पाहायला दुपारी गेलात, तर रात्री नऊनंतर पुन्हा एकदा जावे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानदाराला ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ असे न विचारता ‘या गल्लीत गेल्या दोन वर्षांत काय काय घडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मत मिळते, दुसऱ्याला घटना मिळतात.

एका उत्तरापासून मात्र आपण दूर राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘त्या वस्तीकडे घर घेऊ नका, ते लोक चोरच’ असे आपल्याला कोणी तरी सांगेलच. 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी पारधी आणि इतर विमुक्त समाजांवरचा संशय गेला नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ‘गावात टोळी आली आहे’ असा संदेश आला, तर तो पुढे न पाठवता 112 वर कळवावे.

पाच वर्षांचे आकडे हवे असतील, तर पोलीस ठाण्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द चालतात, म्हणून मजकूर नेमका ठेवावा: घरफोडी, जबरी चोरी, हिसकावून चोरी आणि दरोडा यांची बीटनिहाय व वर्षनिहाय संख्या, आणि त्यांपैकी उघडकीस आलेल्या, म्हणजे छडा लागलेल्या, गुन्ह्यांची संख्या. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, त्यामुळे घराचा इसार देण्यापूर्वीच अर्ज करावा.