अमेरिकेत फार्मसीच्या पोरांना कल्चरल कॉम्पिटन्सी शिकवायचीय? यादी करत बसू नका

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या फार्मसी कॉलेजात शिकवायला निघालाय, कल्चरल कॉम्पिटन्सीचा, म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींच्या पेशंटशी नीट कसं वागायचं याचा कोर्स गळ्यात पडणार असं दिसतंय, तर कुठल्या कुठल्या समाजाची माहिती गोळा करून नेऊ. मी इथे हेच शिकवतो म्हणून सांगतो, ती यादी करूच नका. अमुक देशाचे लोक असेच वागतात असं पोरांनी पाठ केलं की ती समोरच्या माणसाला विचारायचंच विसरतात.

माझंच घ्या. पहिल्या वर्षी पोरांना घेऊन काउंटरजवळ उभा होतो, एक आजी आल्या, दिसायला अगदी आपल्याकडच्या, मी धडाधड हिंदीत सुरू. त्या शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, बाळा, मी गयानाची, मला हिंदी येत नाही. पोरं बघत होती 😅 आता हाच किस्सा पहिल्या लेक्चरला सांगतो आणि मग कल्चरल ह्युमिलिटीवर येतो, म्हणजे आपल्याला सगळं ठाऊक नाही हे मानून पेशंटकडूनच शिकत राहायचं; त्यावर टर्व्हेलॉन आणि मरे-गार्सिया यांचा १९९८ चा पेपर आहे, तो निघायच्या आधी वाचाच.

वर्गात खरं काम करतं ते लेबल. इंग्रजीत 'वन्स अ डे' छापलेलं असतं ना, त्यातला ओ-एन-सी-ई हा शब्द स्पॅनिशमध्ये 'ओन्से' वाचतात, म्हणजे अकरा. मी बीपीच्या गोळीचं लेबल स्पॅनिश येणाऱ्या पोराला मोठ्याने वाचायला लावतो. वर्ग चिडीचूप. मग रोल-प्ले, त्यात पेशंट झालेल्याला मी आधीच सांगून ठेवतो की कळो न कळो, मान डोलवायची. पोरं 'समजलं ना?' विचारतात, मान हलते, पोरं खूश. मग मी पेशंटला विचारतो, आता गोळी कधी घेणार सांगा, तेव्हा बिंग फुटतं. 'मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर कशी घ्याल ते सांगता का?' हे वाक्य त्यांच्या तोंडात बसेपर्यंत घासून घ्या, टीच-बॅक म्हणतात ते हेच.

रमजानचे रोजे, कॅप्सूलचं जिलेटिन कशापासून बनलंय, हे विषय येतातच, पण तिथेही आधी विचारायचं. डायबेटिसच्या पेशंटला 'रोजा ठेवू नका' म्हणून मोकळं झालं तर तो पुढच्या वेळी सांगणारच नाही आणि ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन उपाशी राहील, मग शुगर धाडकन खाली.

दुभाषाचंही शिकवा. २०१० च्या अमेरिकी आरोग्य कायद्याच्या, म्हणजे अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ खालच्या नियमांनुसार इमर्जन्सी सोडली तर लहान मुलाकडून भाषांतर करून घेता येत नाही, आणि पोरांना नेमकं तेच सोपं वाटतं.

रिफ्लेक्शन निबंधांना मार्क कमी ठेवा, सगळे 'माझा दृष्टिकोन बदलला' एवढंच लिहितात. मार्क ओस्कीत, म्हणजे नकली पेशंटसमोरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत द्या, तिथे विचारलं की नाही ते दिसतं.

आणि हो, लायसन्सचाही विचार असेल तर १ जानेवारी २००३ पासून पुढे मिळालेलं चार वर्षांचं बीफार्म एफपीजीईसीला (परदेशी फार्मसी पदव्या तपासणारी अमेरिकेतली समिती) चालत नाही, पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, ते आधी बघून घ्या.