घरात मांजरं असताना डिफ्युझरमध्ये लॅव्हेंडर तेल चालेल का? किती थेंब टाकावेत?

तुमचा प्रश्न असा: घरात दोन मांजरं आणि एक कुत्रा आहे, झोप नीट लागत नाही म्हणून बेडरूममध्ये डिफ्युझर लावायचाय, तेल 'शंभर टक्के शुद्ध, थेरप्युटिक ग्रेड' आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही ना, आणि थेंब किती टाकायचे.

थेंबांकडे नंतर येतो. आधी 'शुद्ध आहे म्हणून काळजी नाही' हे डोक्यातून काढून टाका. या एका वाक्यावरून मी आजवर बऱ्याच लोकांशी वाद घातलाय आणि पुढेही घालणार आहे. मांजराला बाधतो तो काही भेसळीचा पदार्थ नसतो, तेलाचा गाभाच असतो. टी ट्रीमधलं टर्पिनीन-४-ऑल, निलगिरीतलं सिनिओल, लवंगेतलं युजेनॉल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन. तेल जितकं अस्सल तितके हे घटक भरपूर. आणि 'थेरप्युटिक ग्रेड' नावाची प्रत कुठल्याही नियामक संस्थेने ठरवलेली नाही. विकणाऱ्यांनी बाटलीवर छापायला घेतलेला तो शब्द आहे, त्यावरून प्राण्यांच्या सुरक्षिततेबद्दल काहीही कळत नाही.

मांजराचं यकृत आपल्यासारखं चालत नाही. फिनॉल गटातले पदार्थ (लवंगेतलं युजेनॉल त्यातलंच) शरीराबाहेर टाकायचे तर त्यांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करावं लागतं. हे काम करणाऱ्या एन्झाइमांपैकी एक महत्त्वाचं, यूजीटी१ए६, मांजरात तयारच होत नाही. त्याचं जनुक निकामी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागेही हीच उणीव आहे. त्यामुळे तुमच्या शरीरातून लवकर निघून जाणारा पदार्थ मांजराच्या अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो, आणि रोज थोडा थोडा मिळत गेला तर साठत जातो. कुत्र्याची ही यंत्रणा बरी असते, पण त्याचं नाक आपल्यापेक्षा किती तरी पटींनी तीक्ष्ण. तुम्हाला 'मंद' वाटणारा वास त्याला खोली सोडायला लावू शकतो.

आता यंत्राबद्दल. थेंब किती हे विचारण्याआधी डिफ्युझर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. अल्ट्रासॉनिक डिफ्युझरमध्ये पाण्याच्या टाकीच्या तळाशी एक छोटी चकती प्रचंड वेगाने थरथरते आणि पाण्याचं धुकं करते. त्या धुक्यात नुसता वास नसतो, तेलाचे बारीक कण असतात. नेब्युलायझर प्रकारात पाणी नसतंच. हवेच्या दाबाने निव्वळ तेल फवारलं जातं. हे कण हवेत तरंगतात आणि मग खाली बसतात: चादरीवर, पाण्याच्या भांड्यात आणि मांजराच्या केसांवर. मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवतं. म्हणजे तुम्ही ज्याला 'फक्त हवेत सोडलंय' म्हणता ते तासाभरात जिभेवरून त्याच्या पोटात गेलेलं असतं. काड्यांच्या रीड डिफ्युझरमधून असे कण उडत नाहीत, पण बाटली कलंडली की पंजे भिजतात, आणि ते सरळ चाटले जातात. बाजारातल्या तयार सुगंधी द्रवांमध्ये काही वेळा असे डिटर्जंट असतात की तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते. त्यामुळे मांजराच्या घरात रीड डिफ्युझर हा सौम्य पर्याय आहे असं मी कुणालाही सांगणार नाही.

आकडे मांडून बघा. २० थेंबांचं साधारण १ मिली होतं, म्हणजे ५ थेंब म्हणजे पाव मिली, सुमारे २२० मिलिग्रॅम. १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे २८ घनमीटर हवा. दार-खिडक्या बंद ठेवून हे ५ थेंब सगळे हवेत गेले तर दर घनमीटरला जवळपास ८ मिलिग्रॅम. नेब्युलायझर सतत चालवला तर तासाला १ मिलीच्या आसपास तेल सहज उडवतो, म्हणजे एका तासात याच्या चौपट, आणि लोक तो रात्रभर चालू ठेवतात. घरात मांजर असेल तर नेब्युलायझर नकोच. याला अपवाद नाही.

तेलाची निवड. टी ट्री, विंटरग्रीन, पेनीरॉयल, लवंग, दालचिनी, थाइम, ओरेगॅनो, निलगिरी, पुदिना, पाइन, यलँग-यलँग आणि लिंबूवर्गातली तेलं मांजराच्या घरात डिफ्युझरमध्ये घालू नका. विंटरग्रीन जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचंच भावंड. पेनीरॉयलमधलं पुलेगोन कुत्र्याचंही यकृत निकामी करतं. लॅव्हेंडर या यादीत नाही, त्यात मुख्यतः लिनालूल आणि लिनालाइल ॲसिटेट असतं आणि ते यांच्या मानाने सौम्य आहे. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. चाटलं गेलं तर तेही बाधतं. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर टाकून द्या. लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावून असे पदार्थ तयार होतात जे त्वचेला ताज्या तेलापेक्षा जास्त झोंबतात.

हे सगळं सांगितलं की हमखास येणारं उत्तर: 'आमच्याकडे दोन वर्षं डिफ्युझर चालू आहे, मांजराला काहीही झालं नाही.' अशा घरात माझा पहिला प्रश्न असतो, मांजर खोकतं का? आणि उत्तर येतं, 'हो, पण ते केसांच्या गोळ्यामुळे.' मांजर जमिनीलगत दबून बसतं, कोपरं बाहेर, मान पुढे ताणलेली, चार-सहा वेळा घरघरत खोकतं, मग काही गिळल्यासारखं करतं आणि उठून चालू लागतं. बाहेर काहीच पडत नाही. केसांचा गोळा असेल तर कधी ना कधी तो बाहेर पडलाच पाहिजे. हा पवित्रा दम्याचा असू शकतो, आणि दमेकरी मांजराच्या श्वासनलिकेला तेलाचं धुकं, अगरबत्ती, सिगारेट सगळं सारखंच चेतवतं. डिफ्युझर दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि खोकला कमी होतो का ते बघा. खोकल्याचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरसमोर मांजर कधीच खोकत नाही. 'काही झालं नाही' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की मांजर त्या खोलीत पूर्वीइतकं झोपतं का. ते आपणहून उठून गेलं असेल तर त्याने त्याचं मत सांगितलेलं आहे.

अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या प्राणी विषबाधा केंद्राकडे २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलाच्या बाधेची ४४३ कुत्री-मांजरं नोंदली गेली. यातल्या बहुतेकांना ते तेल मालकांनीच भल्यासाठी म्हणून जाणूनबुजून दिलेलं होतं. लाळ गळणं, सुस्ती, मागच्या पायांतली ताकद जाणं, झोकांड्या, थरथर ही लक्षणं २ ते १२ तासांत दिसली आणि काही प्राण्यांत ७२ तासांपर्यंत टिकली. डिफ्युझरची मात्रा यापेक्षा खूपच कमी असते हे मान्य. पण 'नैसर्गिक आहे, काय होणार' या समजुतीचं काय होतं ते यातून दिसतं.

आता तुमची बेडरूम. मांजरं जिथे तुमच्याबरोबर झोपतात तिथे रात्री डिफ्युझर चालवू नका, एका थेंबाचाही नाही. अगदीच हवा असेल तर अल्ट्रासॉनिक घ्या, १०० मिली पाण्यात लॅव्हेंडरचे २ थेंब, मांजरं बाहेर ठेवून दार बंद करून ३० मिनिटं, मग यंत्र बंद, खिडकी उघडून तासभर हवा खेळू द्या आणि मगच त्यांना आत घ्या. कुत्र्यालाही तोच नियम. यंत्र उंच कपाटावर ठेवलं म्हणजे झालं असं समजू नका, मांजर तिथे पोचतंच. मांजरांच्या मातीच्या ट्रेजवळ तर कधीच नको. वास नकोसा झाला की मांजर ट्रे सोडून कोपऱ्यात जायला लागतं आणि मग लोक त्याला 'बिघडलं' म्हणतात. उरलेलं पाणी लगेच मोरीत ओता, कारण तेल पाण्यावर तरंगतं आणि टाकीच्या कडेला तेलकट थर राहतो. टाकी साबणाने धुवा, चकती स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. हात धुतल्याशिवाय मांजराला कुरवाळू नका.

झोपेसाठीच हवं असेल तर मी डिफ्युझर घेणारच नाही. झाकणाच्या काचेच्या बाटलीत कापसाचा बोळा, त्यावर लॅव्हेंडरचा १ थेंब. झोपण्याआधी चार श्वास घ्या, झाकण लावा, ड्रॉवरमध्ये टाका.

मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, हिरड्या निळसर दिसतायत, लाळ थांबत नाही किंवा पाय लटपटतायत, तर थांबू नका, मोकळ्या हवेत काढा आणि दवाखाना गाठा, तेलाची बाटली सोबत न्या. केसांवर तेल सांडलं असेल तर भांडी घासायचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी, मग लगेच कोरडं करून उबेत ठेवा, तोवर चाटू देऊ नका. उलटी करवू नका, तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. दूध पाजू नका.

एक राहिलं: घरात पक्षी असेल तर वरचं सगळं विसरा, डिफ्युझर बाहेर काढा. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि वायुकोश असल्याने हवेतलं काहीही तो आपल्यापेक्षा जास्त शोषतो. ससे आणि इतर छोट्या प्राण्यांची मात्राही वजनाच्या मानाने तुमच्या मांजरापेक्षा मोठी पडते. मांजराला आधीच दमा किंवा यकृताचा त्रास असेल, किंवा पिल्लू असेल, तर २ थेंबांची सवलतही तुम्हाला नाही.