मेडिकलवाले इतक्या चौकशा का करतात? गोळी मागितली तर गोळी द्यायची ना!

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, राग मानू नका. आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणायला गेलात, मेडिकलवाल्याने "त्यांना थायरॉइडची गोळी चालू आहे का, किती वाजता घेतात" असं विचारलं आणि तुम्हाला वाटलं याला काय करायचंय. अहो, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एकदम पोटात गेली तर थायरॉइडची नीट शोषलीच जात नाही, दोन्हीत चार तासांचं अंतर लागतं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची आणि पाठोपाठ चहाबरोबर कॅल्शियमची असं चालू राहिलं की टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला येतो, डॉक्टर डोस वाढवतात आणि मूळ गडबड तशीच. त्या माणसाने ते काउंटरवरच अडवायचा प्रयत्न केला, तुम्ही लकी आहात.

आम्ही मिरजेचे. इथे दवाखाने इतके की मेडिकलसुद्धा पावलोपावली, तरी आमच्या घरचं सगळं औषध एकाच दुकानातून येतं, आणि ते घराजवळ पण नाहीये, रिक्षाने जावं लागतं. कारण ते काका. स्वतः फार्मासिस्ट, स्वतः काउंटरला उभे, तोंडाने जरा तिखट. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ते भांडखोरच वाटतात.

माझ्या सासूबाईंना (आम्ही आत्या म्हणतो) आमवात आहे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिली, आठवड्यातून एकदाच, आणि बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. आता गंमत बघा, दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळसर, आणि आम्हाला मिळालेल्या दोन्ही ब्रँडची नावं पण "फॉ"वरूनच सुरू. सत्तरीच्या बाईने चष्मा न लावता ओळखायचं कसं? काकांनी स्ट्रिप हातात दिलीच नाही. कात्रीने महिन्यापुरत्या चारच गोळ्या कापल्या, कागदी पाकिटात घातल्या, पाकिटावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहिली आणि लाल पेनने हे मोठं "फक्त रविवार". वर आत्यांनाच विचारलं, "आज्जी, सांगा बघू मला, ही कधी घ्यायची?"

"रविवारी."

"आणि मंगळवारी गुडघा लई दुखायला लागला तर?"

"तर अजून एक घेईन की."

काकांनी कपाळाला हात लावला. मागे रांग लागलेली, एक जण "ओ आटपा की" म्हणतोय, पण ह्यांनी आत्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की ही दुखण्यावरची गोळी नाहीये, ही रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस दगावू शकतो. दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, ह्या पाकिटाला रविवारशिवाय हात लावायचा नाही. मग परत तोच प्रश्न विचारला आणि बरोबर उत्तर आल्यावरच पाकीट दिलं. डॉक्टरांनी पण सांगितलं होतं हो, पण तिथे त्या घाबरलेल्या, सगळ्याला मान डोलावून आलेल्या. रोज घेतल्यामुळे लोकांचा जीव गेल्याच्या केसेस जगभर झाल्यात, हे मी नंतर वाचलं आणि पोटात गोळाच आला.

सासऱ्यांचं वेगळं. मामांच्या हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. दाढ दुखली म्हणून ते एकटेच दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि तिथे सांगून आले "बीपी आहे" एवढंच, झडपेचं नावच नाही! चिठ्ठीवर मेट्रोनिडॅझोल आणि एक पेनकिलर. दोन्ही एरवी अगदी साधी, दाताच्या चिठ्ठीवर कायम दिसणारी औषधं. पण मेट्रोनिडॅझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर खूप वाढतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर जातो, आणि त्यात पेनकिलर म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. काकांनी चिठ्ठी बघितली, मामांकडे बघितलं, दुकानातूनच त्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर पण भले माणूस, लगेच दोन्ही औषधं बदलून दिली आणि दाढ काढायच्या आधी आयएनआर करून आणा म्हणाले. मामा मात्र वाटभर कुरकुरत होते की एवढ्याशा दाढेसाठी किती तो गाजावाजा.

मला हेच सांगायचंय. हृदयाचे डॉक्टर हृदयाचा कागद बघतात, दातांचे दाताचा, हाडांचे हाडाचा. सगळ्या चिठ्ठ्या फिरून फिरून एकाच काउंटरवर येतात, त्यामुळे कुठली गोळी कुठलीच्या अंगावर धावून जाणार हे दिसलं तर तिथेच दिसतं. आणि तेही तिथे बसलेल्या माणसाने विचारलं तरच. न विचारणारा काही तुमची प्रायव्हसी जपत नसतो, त्याला फक्त बिल करायचं असतं.

शेजारच्या काकूंचा इन्सुलिनचा किस्सा पण असाच. आपल्याकडे बाटली 40 ची पण मिळते आणि 100 ची पण, म्हणजे एका मिलीत तेवढी युनिट. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला नारिंगी. काकूंची बाटली बदलून 100 ची झाली आणि घरात सिरिंजा जुन्या, लाल टोपणाच्या. लाल सिरिंजमध्ये 100 वालं औषध 20 च्या खुणेपर्यंत भरलं की अंगात 20 नाही, 50 युनिट जातात! शुगर इतकी खाली येईल की माणूस बेशुद्ध. काकांनी "घरात कुठल्या टोपणाच्या आहेत" एवढंच विचारलं, म्हणून कळलं.

आणि हे सगळं ते उपकार म्हणून करतात असं नाही, कामच आहे ते. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी.फार्म, वर 500 तासांचं ट्रेनिंग, उगाच नाही. पण खरं बोलायचं तर कितीतरी दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेममध्ये असतं, ज्याचं आहे तो दुसरीकडेच नोकरी करतो आणि काउंटरला कालपरवा लागलेला पोरगा, गोळी कुठल्या कप्प्यात आहे तेवढं पाठ असलेला. भाड्याने सर्टिफिकेट हे काय गुपित राहिलेलं नाही. त्या पोराचा दोष नाही, पण तो तुम्हाला थायरॉइडचं विचारणार नाही हे नक्की.

विचारणाऱ्याचं नुकसानही होतं. मागे एक तरुण आला, घसा दुखतोय, सेफिक्झिमच्या (अँटिबायोटिक आहे ते) दोनच गोळ्या द्या म्हणाला, चिठ्ठी नाही. काका नाही म्हणाले. हे औषध शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक यादीत येतं, 2014 च्या मार्चपासून त्याचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, आणि ते तीन वर्षं जपायचं. शिवाय दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते शहाणे होतात. तो "तुम्हाला धंदाच करायचा नाही" म्हणत समोरच्या दुकानात गेला आणि दोन मिनिटांत पुडी घेऊन आमच्यासमोरूनच गेला. काका काही बोलले नाहीत, पुढचं बिल करायला घेतलं.

तुम्ही एक करा, आईच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा, आयुर्वेदिक काही असेल तर त्याचा पण, मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि विचारलं की सरळ पुढे करा. चिडू नका.

ऑनलाइनचं म्हणाल तर मी पण मागवते, बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथे स्वस्त पडतात, महिन्याचा हिशोब आहेच ना. काकांपासून लपवायचं म्हणून सुरुवातीला जरा चोरट्यासारखंच वाटायचं, शेवटी सांगून टाकलं. तर म्हणाले, "मागव की, त्यात काय. पण नवीन काही लिहून दिलं तर घ्यायच्या आधी बॉक्स घेऊन दाखवायला ये." आणि नेला की खरंच चष्मा चढवून एकेक स्ट्रिप बघतात, त्यातली एकही त्यांच्या दुकानातली नसली तरी.